इंटरचा ग्रुप निवडण्याआधी: आदिलाबादच्या मराठी पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की आदिलाबाद, जैनथ, बेला, तामसी इकडच्या मराठी घरांत एकच विषय असतो: इंटरला कुठला ग्रुप, आणि कुठल्या गावात? उत्तर बहुतेकदा शेजारच्या मुलाकडे बघून ठरतं. खरं म्हणजे मुलाला पुढे जो कोर्स करायचा आहे, त्याच्या अटी आधी वाचायच्या आणि मग मागे येत विषय ठरवायचे.

गैरसमज: मराठी माध्यमाला तेलुगू सक्तीची नाही.
आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत पहिली ते दहावी तेलुगू अनिवार्य झाली. माध्यम आणि बोर्ड कोणतंही असो, वेळापत्रकात तेलुगूचा तास हवाच.

गैरसमज: सायन्स घेतलं की डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग दोन्ही वाटा उघड्या राहतात.
हा सल्ला महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून येतो. तिकडे अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. इकडे एमपीसीत जीवशास्त्र नाही, बायपीसीत गणित नाही. नीटला जीवशास्त्र लागतं, इंजिनिअरिंगच्या ईएपीसीईटीला गणित. एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, म्हणजे बायपीसीची वाट तिथे बंद. बी. फार्मसी मात्र दोन्ही ग्रुपना खुली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

गैरसमज: नीट मराठीत आहे, मग आपल्या मुलांना अडचण नाही.
मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. तेलंगणातलं केंद्र घेतलं तर मराठी सोडून इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा तेलुगू निवडावी लागते. मराठी माध्यमातल्या मुलाने शास्त्रातले इंग्रजी शब्द आठवीपासूनच पाठ केलेले बरे.

गैरसमज: दोन वर्षं नांदेडला शिकवू, पुढे जागा तर आपल्याच राज्यात आहे.
सगळ्यात महाग पडतो तो हाच. तेलंगणात एमबीबीएसच्या स्थानिक कोट्यासाठी २०२४ च्या नियमानुसार नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं राज्यातच शिकलेली असावी लागतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम वैध ठरवला. बदलीच्या नोकरीतल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांपुरती सवलत आहे. शेतकऱ्याच्या मुलाला ती नाही. बरं, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात बसावं, तर तिथे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. दहावी आदिलाबादला आणि बारावी नांदेडला केलेलं मूल दोन्हीकडून बाहेर पडतं. त्याच्यासाठी मुख्यतः सरकारी कॉलेजांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरतो, आणि तिथे चुरस देशभराची.

सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात सवलत असते असंही कुणी सांगतं. ती कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त गावांसाठी आहे. आदिलाबादची गावं तिच्यात येत नाहीत.

म्हणून आठवी-नववीतच एका वहीत लिहून ठेवा: हवा तो कोर्स, त्याला लागणारे विषय, प्रवेश परीक्षेची भाषा, आणि कोणतं वर्ष कुठल्या राज्यात शिकायचं. प्रत्येक वर्षाचा बोनाफाईड दाखला जपून ठेवा. नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. टीसी काढण्याआधी वाचा, नंतर नव्हे.