दुखणाऱ्या पावलाला काम द्या

‘टाचेचं हाड वाढलंय’ हे निदान आपल्याकडे इतके रुळले आहे की सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ आली, की डॉक्टरांकडे जाण्याआधीच घरातले कोणीतरी ते सांगून टाकते. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला खालून पुढे आलेले टोक दिसले की शंका उरत नाही. मग मऊ चप्पल, गरम पाण्याचा शेक, कमीत कमी चालणे, हे महिनोन्‌महिने चालते. त्याने आराम पडतो, हेही खरे. पण पावलाची रचना आणि तिच्याविषयी गेल्या काही दशकांत हाती आलेला पुरावा एकत्र ठेवून पाहिला, तर घोट्याची आणि पावलाची बरीचशी नेहमीची दुखणी झेपेल त्याहून जास्त ताण पडल्याने झालेली असतात. ती हटवायची तर ताण कायमचा टाळून भागत नाही, पायाची झेपच वाढवावी लागते. दुखरे पाऊल जपत बसण्याची आपली सवय पुष्कळदा त्या दुखण्याचेच आयुष्य वाढवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका पावलात २६ हाडे असतात, म्हणजे दोन पावलांत मिळून शरीरातल्या हाडांपैकी साधारण चौथा हिस्सा. ही हाडे सपाट फरशीसारखी न मांडता कमानीत बसवलेली आहेत, आणि ती कमान तोलून धरणाऱ्या गोष्टींत टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला एक जाड, चिवट पट्टा महत्त्वाचा आहे. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. त्याचे काम ब्रिटनमधल्या जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये उलगडून दाखवले. चालताना टाच उचलली जाते, बोटे वरच्या बाजूला वाकतात, त्यामुळे पट्टा ताणला जातो, टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात आणि कमान उंच व घट्ट होते. उभे राहून कोणाला तरी आपल्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा, कमान वर येताना दिसेल. म्हणजे जमिनीवर टेकताना सैल होऊन धक्का पचवणारे पाऊल पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीर पुढे ढकलते. १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवले, की धावताना प्रत्येक पावलागणिक येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा ही कमान साठवून परत देते, आणि पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा त्याच्या दुपटीने. अशा अवयवाला निव्वळ आराम देऊन तो बळकट होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता ते वाढलेले हाड. असे टोक टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही सापडते, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांत ते नसते. तेव्हा दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. खरा बिघाड पट्ट्याच्या टाचेजवळच्या टोकाशी असतो. त्याला आपण ‘सूज’ म्हणतो, पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचेच्या शस्त्रक्रियेतल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा दाहाच्या खुणांऐवजी तंतूंची झीज आणि विस्कटलेपण दिसले. हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे. दाह शमवायला विश्रांती आणि गोळी पुरते, पण झिजलेले तंतू ताण मिळाल्याशिवाय नीट रचले जात नाहीत. डेन्मार्कमध्ये मायकेल रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी टाचदुखीच्या ४८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाने फक्त ताणण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन, एक दिवसाआड टाच सावकाश वर उचलून सावकाश खाली आणली. टॉवेल कशासाठी, हे हिक्स यांचा शोध आठवला की कळते: बोटे वर वळलेली असली की पट्ट्यावरच भार येतो. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाचे दुखणे स्पष्टपणे कमी होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते, हेही सांगायला हवे. टाचदुखी बहुतेकांत कालांतराने बरी होतेच. कामामुळे ती लवकर आटोक्यात येते, एवढाच दावा इथे करता येतो. पण ज्याला रोज सकाळी त्या कळेने लंगडावे लागते, त्याला हे काही महिने लहान नसतात.

अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्यात हाच मुद्दा अधिक ठळक दिसतो. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंना बारा आठवडे टाच खाली सोडण्याचा जड व्यायाम रोज करायला लावला, आणि तोही दुखत असताना. सगळे पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. तुलनेसाठी घेतलेल्या १५ जणांना विश्रांती, गोळ्या, बूट बदलणे असे नेहमीचे उपचार मिळाले होते, त्या सर्वांवर शेवटी शस्त्रक्रिया झाली. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. तरी त्यानंतर या दुखण्यात व्यायाम हा पहिला उपचार मानला जाऊ लागला.

मुरगळलेल्या घोट्याची आपण सर्वांत जास्त हेळसांड करतो, कारण चार दिवसांत सूज उतरली की तो बरा झाला असे धरून चालतो. घोट्याच्या सांध्यातले टॅलस हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर वळलेले असताना ते दोन्ही बाजूंच्या हाडांत घट्ट बसते; चवडा खाली झुकला की सांध्यात ढिलेपणा येतो. जिना उतरताना किंवा उडी मारून चवड्यावर टेकताना पाय मुरगळतो तो म्हणूनच. आतल्या बाजूचे अस्थिबंध भक्कम, बाहेरचे त्या मानाने नाजूक, म्हणून पाऊल बहुधा आत वळते आणि इजा बाहेरच्या बाजूला होते. लंडनमध्ये मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्येच मांडले होते, की त्या अस्थिबंधांबरोबर सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा होते आणि घोटा वारंवार दगा देतो तो त्यामुळे. लेप लावून, चोळून ही जाण परत येत नाही. एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याच्या सरावाने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे त्यानंतरच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे. इजेच्या पहिल्या दिवसांत विश्रांती हवीच, पण ती दिवसांत मोजायची असते.

यावर पहिला आक्षेप असा, की दिवसभर उभे राहून राबणाऱ्या बाईला किंवा वाहतूक पोलिसाला आणखी काम सांगणे निर्दयपणाचे आहे. पण तासन्‌तास उभे राहणे हा एकसुरी, न थांबणारा ताण आहे; त्यातून थकवा येतो, ताकद येत नाही. ताकद येते ती थोड्या वेळच्या जड कामाने आणि मधल्या विश्रांतीने. अशा माणसाला उभे राहण्याचे तास कमी करून मिळाले पाहिजेत आणि व्यायामही मिळाला पाहिजे, दोन्ही. दुसरा आक्षेप सपाट पायांचा: रचनाच सदोष असेल तर व्यायाम काय करणार? लहान मुलांचे तळवे सपाट असणे स्वाभाविकच आहे, कमान वाढीच्या वर्षांत तयार होते. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये दाखवले, की चपला-बूट वापरणाऱ्यांत ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के मुलांचे पाय सपाट होते. बंद बुटांत प्रमाण अधिक होते. एवढ्यावरून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही. पण न दुखणाऱ्या सपाट पायांच्या धडधाकट मुलाला घाईने महागडे आधाराचे बूट चढवण्याला या पुराव्यात आधार सापडत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. वर सांगितलेले सगळे, पाय आपले दुखणे नीट कळवतो या गृहीतावर उभे आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, तेव्हा तो इशाराच बंद पडतो; टोचलेला खडा, चपलेने पडलेला फोड कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. अशा जखमेवरचा भार काढणे हाच उपचार. मधुमेह्याचे एक पाऊल अचानक गरम, लाल आणि सुजलेले दिसले, तर दुखत नसले तरी चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुरगळल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढावा; १९९२ मध्ये कॅनडात ठरवलेल्या ओटावा नियमांतल्या या मुख्य कसोट्या आजही डॉक्टर वापरतात. आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे.