मर्यादेच्या आत म्हणजे धोक्याच्या बाहेर?

पावणे एमआयडीसीच्या हवेतल्या बेंझिनची रीडिंग तुमच्या हातात आली, तर पहिलं काय कराल? सरासरी काढाल आणि मर्यादेशी ताडून बघाल. 2009च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आकडा त्याखाली आला की 'सुरक्षित' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तिथेच थांबा.

आधी सरासरीच तपासू. समजा, दहा सॅम्पल आहेत. चारमध्ये 6, 8, 10 आणि 12 मिळाले. उरलेली सहा यंत्राच्या शोधमर्यादेखाली, म्हणजे 1पेक्षा कमी. ती सहा गाळली तर सरासरी 9 येते. शून्य धरली तर 3.6, पूर्ण 1 धरली तर 4.2. या दहांची खरी सरासरी शेवटच्या दोन आकड्यांच्या दरम्यानच असणार. 9 हा आपण गाळागाळी करून बनवलेला आकडा. म्हणून अशी रीडिंग फेकू नका, आणि त्यांचं काय केलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

आता धोका. इथे दोन वेगळे हिशोब आहेत. कॅन्सरव्यतिरिक्तच्या परिणामांसाठी अमेरिकेच्या ईपीएची संदर्भ पातळी 30 आहे. 4.2 भागिले 30 म्हणजे 0.14, 1च्या बरंच खाली, ठीक. पण बेंझिनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो आणि त्याची सुरक्षित पातळी सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तिच्या अंदाजानुसार आयुष्यभर 1 मायक्रोग्रॅम श्वासात गेलं, तर दहा लाखांत 6 जणांना जादा धोका. 4.2ला तो होतो सुमारे 25. प्राथमिक चाळणीसाठी साधारणपणे दहा लाखांत 1 हा निकष धरतात. म्हणजे मर्यादा पाळूनही धोका शिल्लक आहेच.

शेवटचा प्रश्न: सॅम्पल कधी घेतले? पावणे पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामध्ये आहे. दिवसा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो. रात्री तो मंदावतो, दिशा उलटू शकते आणि खाडीच्या बाजूला कोपरखैरण्याची वस्ती आहे. वरचा हिशोब मात्र चोवीस तास, आयुष्यभर श्वास घेणाऱ्या माणसाचा आहे. फक्त ऑफिसच्या वेळेतली रीडिंग त्याला कशी पुरणार?

तेव्हा सूत्रात आकडे भरण्याआधी विचारा: हा आकडा नेमका कोणाच्या श्वासातला आहे?