ग्रामीण व्यवस्थापन : सुशिक्षित तरुणांचे कार्यक्षेत्र
उत्पादन वाढले तरी माप, प्रतवारी, हिशेब व विक्री यांची व्यवस्था नीट नसेल, तर वाढीचा लाभ शेतकऱ्याच्या पदरी पडत नाही. गुजरातेत खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ साली स्थापन झाला. गावच्या संस्थेत दूध मोजावे व स्निग्धांश तपासून दर द्यावा, ही त्याची पद्धत. संस्थेचे मालक सभासदच. परंतु कारभारास जाणकार माणसे लागतात. ती तयार व्हावीत म्हणून १९७९ मध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली. तिच्या अभ्यासक्रमात खेड्यातील मुक्कामही ठेवण्यात आला.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम आपल्या गावच्या सोसायटीचा ताळेबंद वाचण्यास शिकावे. तो सभासदांस सोप्या शब्दांत समजावून देता येणे, हीच या व्यवसायाची पहिली परीक्षा होय.