शतकाला किती अंश?

दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या प्रकरणात एक उदाहरण हमखास भेटते. एक गोल तबकडी, तिचे आठ भाग, भागांवर १ ते ८ हे अंक आणि मधोमध फिरणारा बाण. बाण ८ वर थांबण्याची संभाव्यता किती? विषम संख्येवर? २ पेक्षा मोठ्या संख्येवर? ९ पेक्षा लहान संख्येवर? उत्तरे अनुक्रमे १/८, १/२, ३/४ आणि १. मुले ती पटापट लिहितात आणि पान उलटतात. सांगलीजवळच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षे गणित शिकवते आहे. एवढ्या चांगल्या उदाहरणावरून आपण इतक्या घाईने पुढे जातो, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

या उदाहरणाचा सगळा भार एका वाक्यावर आहे आणि नेमके तेच वाक्य कोणी नीट वाचत नाही: सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत. म्हणजे आठातला कुठलाही भाग यायला सारखाच वाव आहे. हे गृहीत धरले म्हणूनच आपल्याला नुसते मोजून चालते. अनुकूल निष्पत्ती वर, एकूण निष्पत्ती खाली, संपले गणित. पण ते वाक्य काढून टाकले तर?

मी फळ्यावर एक वर्तुळ काढते. अर्धे लाल. उरलेल्या अर्ध्याचे तीन सारखे भाग: निळा, पिवळा, हिरवा. बाण लाल रंगावर थांबण्याची संभाव्यता विचारली की निम्मा वर्ग एका आवाजात सांगतो, ‘एक चतुर्थांश, बाई!’ का, तर रंग चार आहेत. वर्तुळ डोळ्यांसमोर आहे, लाल भाग इतरांच्या तिप्पट आहे हेही दिसते आहे, तरी मन नावे मोजत राहते. मोठी माणसेही तेच करतात. ‘होईल किंवा नाही होणार, म्हणजे पन्नास टक्के’ हे वाक्य मी कितीतरी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. तबकडी इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यावर संभाव्यता कोनमापकाने मोजता येते. पूर्ण फेरी ३६० अंशांची. लाल रंगाचे १८० अंश, म्हणून १/२. बाकीच्यांना ६०-६० अंश, म्हणून प्रत्येकी १/६. नावे किती आहेत याला महत्त्व नाही, कोणाच्या वाट्याला किती अंश आले ते बघायचे.

अर्थात बाण कुठल्याही अंशावर सारख्याच सहजपणे थांबतो, ही अट इथेही आहेच. ती तपासायला आम्ही सायकल वापरतो. आपली जुनी काळी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. तिच्या पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात. दर चार स्पोकांनी टायरवर खडूची रेघ मारली की पुस्तकातले आठ भाग तयार होतात. चिमट्याला हिराची एक काडी बांधायची, तिच्यासमोर जो भाग थांबेल तो अंक आला असे धरायचे आणि वहीत टिपत जायचे. तेलपाणी झालेले चाक घेतले तर गंमत दिसते. थांबता थांबता चाक थोडे मागे येते, थोडे पुढे जाते आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह तळाशी आणून स्थिर होते. रिमची ती जागा इतर जागांपेक्षा किंचित जड असते. चिमटाही उलट्या सायकलीत खालीच असतो, त्यामुळे ज्या भागात व्हॉल्व्ह आहे तो अंक पुन्हा पुन्हा काडीसमोर येतो. आठही भागांचे कोन तंतोतंत ४५ अंशांचे आहेत आणि तरी निष्पत्ती समसंभाव्य नाहीत. वहीतले आकडे पाहिल्यावर पुस्तकातल्या त्या एका वाक्याची गरज मुलांना कळते, ती मला वेगळी सांगावी लागत नाही.

अशाच वहीवर १९ व्या शतकात एका माणसाने मोठी रक्कम जिंकली होती. यॉर्कशरचा जोसेफ जॅगर मोंटे कार्लोच्या कॅसिनोत गेला, तिथल्या रूलेटच्या चाकांवर येणारे आकडे त्याने माणसे लावून टिपून घेतले, एका चाकाचा काही आकड्यांकडे कल आहे हे त्या नोंदींतून ओळखले आणि त्या आकड्यांवर पैसे लावले.

आता उलटा प्रश्न. तबकडी दिली तर संभाव्यता काढता येते. पण संभाव्यता आधी माहीत असेल तर तिच्या मापाची तबकडी बनवता येईल का? येते, आणि तशी एक तबकडी बाजारात येऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली. ईथन ॲलन नावाच्या अमेरिकी बेसबॉलपटूने निवृत्तीनंतर एक बैठा खेळ तयार केला. १९४१ मध्ये तो ‘ऑल-स्टार बेसबॉल’ या नावाने विक्रीला आला. त्यात प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र गोल चकती असे आणि चकतीवरचे भाग त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीच्या प्रमाणात कापलेले असत. होमरन जास्त मारणाऱ्याचा होमरनचा भाग रुंद, कमी मारणाऱ्याचा चिंचोळा. चकती बसवायची, बाण फिरवायचा आणि तो फलंदाज त्या वेळी काय करतो ते पाहायचे. ही कल्पना वाचली तेव्हाच ठरवले की आपल्या वर्गात क्रिकेटच्या चकत्या झाल्या पाहिजेत.

सुरुवात डॉन ब्रॅडमनपासून करते, कारण त्यांचे आकडे जणू कोनमापकासाठीच जमून आले आहेत. कसोटीतले डाव ८०, म्हणजे एका डावाला बरोबर साडेचार अंश. शतके २९, त्यांना १३०.५ अंश. अर्धशतके १३, त्यांना ५८.५. शून्ये ७, त्यांना ३१.५. उरलेले ३१ डाव, त्यांना १३९.५ अंश. एकूण ३६०. पुठ्ठ्यावर ही चकती रंगवून झाली की मुले काही वेळ नुसती बघत राहतात. शतकाचा भाग वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही मोठा आहे. ९९.९४ ही सरासरी सगळ्यांना पाठ असते, पण ती म्हणजे काय हे या चकतीवर दिसते. १९४८ साली ओव्हलवर, शेवटच्या डावात सरासरी शंभर व्हायला चार धावा हव्या असताना ते शून्यावर बाद झाले, ते शून्यही या चकतीवर ३१.५ अंशांच्या पट्टीत बसलेले आहे.

मग सचिन तेंडुलकर. ३२९ डाव, ५१ शतके, ६८ अर्धशतके, १४ शून्ये, बाकी १९६. इथे भागाकार नीट बसत नाहीत. ५५.८, ७४.४, १५.३ आणि २१४.५ च्या किंचित खाली. पूर्णांकांत आणले तर ५६, ७४, १५ आणि २१४. बेरीज ३५९! उरलेला एक अंश कोणाला द्यायचा यावर वर्गात खरोखर भांडण होते, आणि शतकाला द्या म्हणणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो. मी मूळ अपूर्णांक पुन्हा पाहायला सांगते. सर्वांत जास्त कात्री कोणाला लागली? बाकीच्या डावांना. म्हणून त्यांना २१५.

याच टप्प्यावर मी विनोद कांबळी यांची चकती करायला देते, आणि माझ्या मते संभाव्यतेच्या प्रकरणात नसलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्यात आहे. कांबळींचे कसोटीतले डाव २१ आणि शतके ४. कोन येतो साधारण ६८.५ अंश, सचिनच्या ५६ हून बराच रुंद. वर्गात एकदम गलका होतो. शांत झाला की एवढेच विचारते: कांबळींचे एक शतक कमी झाले असते, एखादा झेल आधीच घेतला गेला असता, तर? तीन शतकांचा कोन ५१.४ अंश, म्हणजे सचिनपेक्षा कमी. एका डावाने चकतीवर १७ अंशांची उलथापालथ होते. सचिनच्या चकतीवर एका डावाने जेमतेम १.१ अंश सरकतो. दोन्ही चकत्या एकाच पुठ्ठ्याच्या, एकाच रंगाने रंगवलेल्या, पण एकीवर विसंबता येते तितके दुसरीवर येत नाही. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने हेच सिद्ध केले होते: नोंदी जसजशा वाढतात तसतसे नोंदींतले प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ राहण्याची खात्री वाढत जाते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये छापला गेला.

मधूनच एखादे पालक भेटायला येतात आणि काळजीने विचारतात, ‘बाई, मुलांना चक्री शिकवताय का?’ प्रश्न रास्त आहे. जत्रेत चक्रीवर पैसे लावून घेतले जातात आणि त्यात घरे बुडालेली लोकांनी पाहिली आहेत. मी त्यांच्यासमोरच हिशेब मांडते. समजा चक्रीवर दहा सारखी चित्रे आहेत. दहा रुपये लावायचे, आपले चित्र लागले तर ऐंशी मिळतात. शंभर वेळा खेळलात तर हजार रुपये गेले. चित्र सरासरी दहा वेळा लागणार, म्हणजे आठशे परत आले. दर फेरीला दोन रुपये चक्रीवाल्याचे, चक्री अगदी प्रामाणिक असली तरी. रूलेटमध्ये ३७ खाने असतात आणि एका आकड्यावर लावलेल्या रुपयाचे जिंकल्यावर ३६ मिळतात. फरक बारीक, दिशा तीच.

दुसरे शिकवण्यासारखे म्हणजे चक्रीला आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोत रूलेटवर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच या भरवशावर लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. ठरावीक २६ फेऱ्यांत सगळे काळेच येण्याची शक्यता सुमारे १३ कोटी ६८ लाखांत एक, हे खरे. पण २६ काळे येऊन गेल्यावर पुढच्या फेरीत लाल येण्याची शक्यता १८/३७ च, जेवढी पहिल्या फेरीत होती तेवढीच. हा हिशेब ज्या मुलाने स्वतः वहीत केला आहे त्याला चक्रीवर पैसे लावताना तो आठवेल, असा माझा विश्वास आहे, आणि बहुतेक पालकांना तो पटतो.

आठवण नसण्याचा हा गुण गृहीत धरून पुढचा प्रश्न येतो: एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक. चकती दोनदा फिरवायची आणि दोन्ही वेळा बाण शतकावर थांबला पाहिजे. सचिनच्या बाबतीत शंभरातल्या साधारण साडेपंधरा कसोटींत पहिल्या वेळी शतक येईल, आणि त्यांतल्याही साडेपंधरा टक्क्यांत दुसऱ्या वेळी. गुणाकार केला की शंभरात २.४. सचिन २०० कसोटी खेळले आणि डाव ३२९ झाले, म्हणजे किमान १२९ कसोटींत त्यांनी दोनदा फलंदाजी केली असणार. तेव्हा दुहेरी शतकाचा असा योग तीनेक वेळा यायला हवा. प्रत्यक्षात तो एकदाही आला नाही. सुनील गावसकरांची चकती घ्या. २१४ डाव, ३४ शतके, कोन ५७ अंश, सचिनच्या जवळपास तेवढाच. १२५ कसोटी, म्हणून दोन डावांच्या किमान ८९. अपेक्षा सव्वादोनची, आणि त्यांनी हा पराक्रम केला तीनदा: १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला, १९७८ मध्ये कराचीत आणि त्याच मोसमात कोलकात्यात.

मग सचिनची चकती खोटी ठरली का? तिच्या हिशेबाने १२९ कसोटींत एकदाही असा योग न येण्याची संभाव्यता शंभरात चारच्या आसपास आहे. कमी आहे, पण अशक्य नाही. इथे एका मुलीने हात वर केला आणि ती म्हणाली, ‘पण बाई, दुसऱ्या डावात शंभर करायला तेवढ्या धावा शिल्लक तरी असायला हव्यात ना?’ याहून चांगला आक्षेप मी स्वतःही घेतला नसता. दुसऱ्या डावात कधी लक्ष्यच छोटे असते, कधी कर्णधार डाव घोषित करतो, खेळपट्टी तुटलेली असते, कधी दिवस संपतो. दोन्ही डावांना एकच चकती लावणे म्हणजे सायकलच्या चाकावरचा व्हॉल्व्ह न बघणे. डावागणिक चकती वेगळी हवी, आणि गुणाकार दोन वेगवेगळ्या चकत्यांवरच्या कोनांचा.

त्या कामाला आम्ही सांगलीत जन्मलेले विजय हजारे निवडले आहेत. जानेवारी १९४८ मध्ये, ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध, अ‍ॅडलेडला त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या सामन्यात भारतावर फॉलोऑनची वेळ आली होती, म्हणजे दुसरे शतक पहिल्या डावाच्या पाठोपाठच. त्यांचे एकूण डाव ५२, शतके ७. एकाच चकतीच्या हिशेबाने हा योग ५५ कसोटींत एकदा येण्यासारखा, आणि ते एकूण ३० कसोटी खेळले. ५२ डावांची धावपत्रके वर्गाला झेपतील एवढी आहेत. एका डावाला सात अंशांच्या आसपास जागा मिळते, पण दोन चकत्या केल्या की डाव वाटले जातील आणि प्रत्येक डावाचे अंश वाढतील, म्हणजे कांबळींच्या चकतीवरची अडचण इथेही येणार. मुलांनी सध्या वहीत दोन रकाने आखले आहेत. अ‍ॅडलेडची दोन शतके एकेका रकान्यात लिहून झाली, उरलेली पाच शोधायचे काम चालू आहे.