पाठीतल्या पाण्याची साक्ष

पूर्ण दिवसांचे, वजनाने पुरेसे आणि जन्मतः सर्वथा निर्दोष भासणारे एखादे अर्भक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर प्यायचे सोडते, हातपाय ढिले टाकते, त्याची उचकी थांबता थांबत नाही, मग आकडी येऊ लागते आणि श्वासही अडखळत चालतो, तेव्हा वैद्याच्या मनात पहिली शंका जंतुसंसर्गाची येते. आणि ती तशी यावी हेच योग्य आहे. परंतु रक्तात जंतू सापडत नाहीत, साखर व कॅल्शियम यथास्थित असतात, मेंदूच्या विद्युत्-आलेखात मात्र एक उसळी, मग सपाट शांतता, पुन्हा उसळी असा विलक्षण क्रम उमटतो, आणि विचारल्यावर आई सांगते की हे मूल पोटातही उचकी लागल्यासारखे एका ठेक्यात हलत असे. अशा वेळी चयापचयाच्या आनुवंशिक दोषाचा तपास अपरिहार्य ठरतो, आणि त्या तपासातील एक निर्णायक दाखला म्हणजे पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातील अमिनो आम्लांचे मोजमाप.

पाठीतले पाणी काढायचे म्हटले की आपल्याकडे घरातील वडीलधारी माणसे आजही घाबरतात. मूल पांगळे होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कील येथील हाइन्रिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही क्रिया प्रचारात आणली तेव्हापासून ती जगभर होत आली आहे, आणि ती कटीच्या खालच्या मणक्यांमध्ये केली जाते याचे कारणच असे, की मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो व सुईच्या वाटेत द्रवात तरंगणारे मज्जातंतूच तेवढे असतात. मेंदूची सूज किंवा रक्त न गोठण्याचा दोष असेल तर डॉक्टर स्वतःच ही क्रिया पुढे ढकलतात. एरवी ती टाळण्यात हित नाही.

रक्त तपासले असता हे पाणी तपासण्याची गरज का राहावी, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक काटेकोर बांध असून, जकातनाक्यावर मालाची झडती व्हावी तशी तेथे प्रत्येक पदार्थाची निवड होते. ग्लायसिन हे अमिनो आम्ल निरोगी माणसाच्या रक्तद्रवात लिटरमागे सुमारे २०० मायक्रोमोल असते, तर पाठीतल्या पाण्यात साधारणपणे १० च्या आतबाहेर. बहुतेक अमिनो आम्लांची हीच कथा आहे. म्हणून मेंदूच्या घरात काय शिल्लक आहे आणि कशाचा तुटवडा आहे, याचा हिशेब रक्ताच्या खात्यावरून मांडता येत नाही.

या भेदामुळेच नमुना घेणाऱ्याच्या हातावर फार मोठी जबाबदारी येते. परिचारिका अर्भकाला कुशीवर वळवून मान व गुडघे हलकेच पोटाकडे घेते, सुई आत जाते आणि स्वच्छ पाण्यासारखे थेंब एकामागून एक नळीत पडू लागतात. त्यांत गुलाबी झाक दिसली तर समजावे की रक्त मिसळले, आणि रक्तातील अमिनो आम्लांचा साठा एवढा मोठा असतो की त्याचा थोडासा अंशही अहवाल खोटा पाडण्यास पुरेसा होतो. दुसरी अट अशी की रक्ताचा नमुना त्याच सुमारास घेतला पाहिजे; सकाळी पाठीतले पाणी आणि दुसऱ्या दिवशी रक्त असा व्यवहार येथे चालत नाही. नमुना ताबडतोब गोठवावा लागतो आणि प्रयोगशाळेपर्यंत गोठलेल्या स्थितीतच पोचवावा लागतो. यंत्र कितीही महाग असले तरी खाटेजवळ झालेली हयगय ते भरून काढू शकत नाही.

प्रयोगशाळेत प्रथम नमुन्यातील प्रथिने आम्लाच्या साहाय्याने साक्याच्या रूपाने वेगळी काढतात. मग उरलेला निवळ द्रव राळेच्या सूक्ष्म कणांनी भरलेल्या स्तंभातून सोडला जातो, आणि प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या विद्युत्‌भारानुसार कमीअधिक वेळाने बाहेर पडते. बाहेर पडताच निनहायड्रिनशी त्याची उष्णतेत गाठ पडते आणि जांभळा रंग उमटतो. एकटे प्रोलिन आणि त्याच्या जातीचे काही पदार्थ पिवळे दिसतात. रंग जितका गडद तितके प्रमाण अधिक. स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ही पद्धत सिद्ध केली, १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह तिचे स्वयंचलित यंत्र प्रसिद्ध केले, आणि १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. आता अनेक ठिकाणी रेणूंचे वजन मोजणारी नवी यंत्रे आली आहेत.

आता आरंभी वर्णन केलेल्या अर्भकाकडे वळू. १९६५ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या विकाराला नॉनकीटोटिक हायपरग्लायसिनेमिया म्हणतात. ग्लायसिनचे विघटन करणारी विकरांची साखळी यात निकामी असते. ग्लायसिनचा स्वभाव मोठा विचित्र आहे: मज्जारज्जूत व मेंदूच्या देठात ते चेतना दाबून टाकते, म्हणून मूल ढिले पडते व श्वास थांबतो, आणि मेंदूच्या वरच्या भागात तेच चेतना भडकवते, म्हणून आकडी येते. निदानासाठी पाठीतल्या पाण्यातील ग्लायसिनला रक्तद्रवातील ग्लायसिनने भागतात. समजा, पहिले १८० आणि दुसरे ९०० निघाले, तर भागाकार ०.२ येतो, निरोगी मुलात तो बहुधा ०.०४ च्या आत असतो आणि ०.०८ च्या वर गेला की या विकाराची शंका बळावते. इतर काही चयापचय-दोषांत रक्तातील ग्लायसिन वाढते, परंतु हे गुणोत्तर तसे चढत नाही. आकडीवरील व्हॅल्प्रोएट या औषधानेही ग्लायसिन वाढते, म्हणून चालू औषधांचा तपशील नमुन्यासोबत लिहून पाठवणे आवश्यक असते. अंतिम खातरजमा जनुकांच्या तपासणीने होते. उपचार आहेत, पण तोकडे: सोडियम बेंझोएट जादा ग्लायसिनला बांधून लघवीवाटे बाहेर नेते आणि खोकल्यावरचे डेक्स्ट्रोमेथॉर्फान मेंदूतील त्याचा एक मार्ग अडवते, तीव्र प्रकारात झालेली हानी मात्र भरून येत नाही.

याच तपासणीच्या कागदावर दुसरी एक ओळ असते, आणि ती पाहताना आशेला खरोखर जागा आहे. सेरिन हे अमिनो आम्ल शरीरात तयारच होत नाही अशा विकाराचे वर्णन बेल्जियममधील याक याकेन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केले. जन्मतः लहान डोके, आकडी, खुंटलेली वाढ असे त्याचे रूप असते. जेवणानंतर अन्नातील सेरिनमुळे रक्ताचा आकडा बिनचूक दिसू शकतो. पाठीतल्या पाण्यात मात्र तूट उघडी पडते. सेरिन तोंडाने दिले की आकडी आटोक्यात येते, आणि एका गर्भवतीला ते दिल्यावर गर्भाच्या डोक्याची मंदावलेली वाढ पुन्हा सुरू झाल्याचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध इतके साधे असताना केवळ तपासणी न झाल्यामुळे मूल आयुष्यभर अधू राहावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

ज्या विकाराला पुरेसा उपाय नाही त्याचे नाव कळून काय लाभ, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की लाभ पुढच्या बाळंतपणाचा आहे. हे विकार बहुधा आई आणि वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांनी होतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला चारात एक एवढा धोका असतो. आपल्याकडे आत्ये-मामे भावंडांत विवाह होण्याची चाल अनेक समाजांत आहे. रक्तसंबंधामुळे एकच दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. जनुकातील दोष एकदा नक्की झाला की गर्भारपणाच्या ११ व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश तपासून गर्भाची स्थिती कळू शकते. ते नाव ठाऊक नसेल तर घरातल्या घरात दोष मात्र सुनेच्या पायगुणावर येतो, आणि तो अन्याय मूल गमावण्याच्या दुःखाहून कमी नव्हे.

तेव्हा कारण न कळता नवजात मूल आकडीने अत्यवस्थ झाले असेल, तर मूल हयात असतानाच रक्त, पाठीतले पाणी आणि जनुक-तपासणीचा नमुना राखून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी, सर्व अहवाल जपून ठेवावेत आणि पुन्हा दिवस राहण्यापूर्वी ते आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाला दाखवावेत.