पेनिसिलीनचे मूलानुपाती सूत्र आणि दडलेले गंधक

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या द्रव्याची घटना शोधताना तज्ज्ञांकडून प्रारंभी जी चूक झाली, तिचे मूळ सूत्र काढण्याच्या रीतीतच होते.

मूलानुपाती सूत्र अणूंचे लघुतम पूर्णांकी प्रमाण तेवढे देते. रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या देत नाही. पदार्थ जाळून मिळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून कार्बन, पाण्यावरून हायड्रोजन काढतात. नायट्रोजन वायुरूपाने मोजतात. ऑक्सिजन मात्र बहुधा मोजीत नसत. शंभरातून इतरांची बेरीज वजा जाता जे उरेल ते ऑक्सिजन, असा प्रघात होता. सोय खरी, पण धोक्याची.

पेनिसिलीन-जीमध्ये कार्बन ५७.४७, हायड्रोजन ५.४३ व नायट्रोजन ८.३८ टक्के असतो. बाकी २८.७२ टक्के सर्व ऑक्सिजन मानला, तर अणुभारांनी भागून अनुक्रमे ४.७८५, ५.३८७, ०.५९८ व १.७९५ हे आकडे येतात. त्यांस ०.५९८ ने भागले की ८, ९, १ व ३. इतके स्वच्छ पूर्णांक पाहून कोणाचीही खात्री पटावी; परंतु हे सूत्र खोटे आहे. त्या बाकीत ९.५९ टक्के गंधक आहे. गंधकाचा अणुभार ३२.०६, ऑक्सिजनचा १६.००, म्हणजे गंधकाचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंची जागा जवळजवळ तंतोतंत भरून काढतो, आणि आकडे काहीच तक्रार करीत नाहीत. १९४३ साली ऑक्सफर्ड येथे पेनिसिलीनच्या विघटनातून मिळणाऱ्या पेनिसिलामीनमध्ये गंधक आढळले, तेव्हा हा घोटाळा उलगडला. गंधक वेगळे मोजून पुन्हा भागाकार केला असता कार्बन १६, हायड्रोजन १८, नायट्रोजन २, ऑक्सिजन ४ व गंधक १ असे प्रमाण येते. येथे ते रेणुसूत्रही ठरते; हा योगायोगच म्हणावा.

पिंपरीतच थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या हॅमायसिनची अडचण निराळी आहे. त्याचा रेणुभार अकराशेच्या वर असल्याने एक कार्बन व दोन हायड्रोजन अधिक धरले तरी कार्बनची टक्केवारी सुमारे ०.३ ने बदलते, आणि पृथक्करणातील ग्राह्य चूक साधारण तेवढीच असते. अशा द्रव्यांत पूर्णांकांचा शोध निष्फळ ठरतो. रेणुभार वस्तुमान-पंक्तिमापनाने स्वतंत्रपणे निश्चित करावा लागतो.