समुद्रसाप: चावला तरी कळत नाही

आजचा भाग खास किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठी.

मालवणकडे जाळं सोडवताना मासळीबरोबर कधी कधी एक राखाडी साप निघतो. खलाशी शेपटीला धरून त्याला पाण्यात भिरकावतो आणि पुढच्या कामाला लागतो. पुष्कळदा हा असतो चोचीचा समुद्रसाप, म्हणजे हायड्रोफिस शिस्टोसस. तोंडाचं टोक चोचीसारखं खाली वळलेलं, म्हणून हे नाव.

हा नाग-मण्यारच्याच कुळातला. वाम समजून फसू नका. वामीला कल्ले असतात, याला नाहीत. शेपूट बघा, वल्ह्यासारखी चपटी. कल्ले नाहीत म्हणजे श्वासाला वर यावंच लागतं. त्याचं फुप्फुस जवळजवळ अंगभर लांब असतं, त्यामुळे तो बराच वेळ पाण्याखाली राहतो. पण जाळ्यात अडकला तर? समुद्रातला साप समुद्रातच गुदमरून मरतो!

जिभेखालच्या ग्रंथीतून तो जादा मीठ बाहेर टाकतो. पिल्लं पाण्यातच जन्मतात. उथळ, गढूळ पाणी आणि खाडीची तोंडं ही त्याची आवडती जागा, कारण तिथे शिंगाळा मिळतो. काटेरी शिंगाळा आख्खा गिळायचा, तर तो पटकन निपचित पडायला हवा. विष त्यासाठी आहे, आपल्यासाठी नव्हे. आपण होऊन तो माणसावर सहसा येत नाही. चावतो तो हाताळताना.

आणि खरा धोका इथेच आहे. दात बारीक, त्यामुळे चावा जेमतेम टोचल्यासारखा. सूज नाही, फार दुखतही नाही. प्रत्येक चाव्यात विष जातंच असंही नाही. पण गेलं असेल, तर अर्ध्या तासापासून काही तासांत अंग ठणकायला लागतं, मान-जबडा आखडतो, पापण्या जड होतात. स्नायू आतून झिजतात आणि लघवी काळपट होते. पुढे मूत्रपिंड आणि श्वास, दोन्हींवर बेततं.

आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनते. समुद्रसापासाठी तिच्यावर भिसत नाही. ऑस्ट्रेलियात वेगळी लस तयार होते, तीही याच जातीच्या विषापासून. म्हणून आपल्याकडे आधार डायलिसिस आणि व्हेंटिलेटरचा, आणि लवकर पोचण्याचा.

तेव्हा चीर देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका. हात-पाय हलू देऊ नका, होडी किनाऱ्याला वळवा आणि डॉक्टरांना आधी सांगा, 'समुद्रातला साप चावलाय.' दुखत नाही म्हणून थांबू नका.

आणि साप जिवंत असेल, तर काठीने उचलून परत दर्यात सोडा. भेटू पुढच्या भागात!